जगभर फिरणाऱ्या आरपीजी कॅम्पेनसाठी सेटिंगची पुस्तकं कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला आमचा सहा जणांचा ग्रुप शनिवारी रात्री टेबलटॉप आरपीजी खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर (पात्र) घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायची. दोन शिक्षक, एक नर्स, लोकोशेडमधला एक फिटर, रावेरकडचा केळीच्या व्यापारातला एक मित्र आणि गोष्ट चालवणारा गेम मास्टर म्हणून मी. १९२५ सालात घडणारं आमचं कॅम्पेन, म्हणजे शनिवारमागून शनिवार चालणारी एक लांब गोष्ट, न्यूयॉर्कपासून शांघायपर्यंत फिरलं. ते संपल्यापासून जळगाव, धुळे, शहाद्याकडचे नवे ग्रुप फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न पुस्तकांचाच असतो. सारखी विचारली जाणारी प्रश्नोत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं बरीचशी १९२०च्या दशकातली आहेत, कारण माझा अनुभव तिथला आहे. तुमचं कॅम्पेन आजच्या काळातलं असलं तरी निवडायची रीत फारशी बदलत नाही.

सेटिंगचं पुस्तक म्हणजे नेमकं काय?

नियमांच्या पुस्तकात कॅरेक्टर कसं बनवायचं आणि फासे कधी टाकायचे ते असतं. सेटिंगच्या पुस्तकात जागा असते: शहराचा नकाशा, तिथली माणसं, पोलिस कुणाच्या हाताखाली, हॉटेलचं भाडं, कुणाचं कुणाशी वैर, आणि त्यातून निघतील अशा गोष्टींची बीजं. काही पुस्तकांत शेवटी एकदोन तयार साहसंही असतात. गेम नुसता शिकायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांवरच्या आरपीजीची क्विक-स्टार्ट पुस्तिका प्रकाशकाकडून फुकट मिळते आणि तिच्यातलं एका घराचं साहस दोन शनिवार पुरतं.

सहा देश फिरायचे तर सहा पुस्तकं घ्यायची का?

नको. दोन घ्या, फार तर तीन.

मी सुरुवातीला प्रत्येक देशाचं एक घेत गेलो होतो. कॅम्पेन संपल्यावर माझी सेशनची, म्हणजे खेळाच्या एकेका बैठकीची, वही काढून मोजलं. शांघायमध्ये आम्ही ११ शनिवार काढले, कैरोत ९. व्हेनिस मात्र एका संध्याकाळीत आटपलं, कारण खेळाडूंना पुढची गाडी पकडायची घाई होती. व्हेनिसच्या पुस्तकाची मी चार पानं वापरली असतील. शांघायच्या पुस्तकाची बाइंडिंग सुटली, ती मी स्टेशनरोडच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतली.

म्हणून आधी ठरवा की मुक्काम कुठे आणि नुसता थांबा कुठे. जिथे खेळाडू खोली भाड्याने घेणार, शत्रू करणार, पुन्हापुन्हा त्याच चहाच्या दुकानात जाणार, त्या जागेचं जाड पुस्तक घ्या. जिथे बोट बदलायची आहे तिथे एक पान टिपण पुरतं. मुक्काम कुठे पडेल हे कॅम्पेन सुरू होण्याआधी पूर्ण कळत नाही, त्यामुळे सगळी खरेदी एकदम करू नका. पहिल्या मुक्कामाचं पुस्तक घ्या आणि खेळायला लागा. गाडी पुढच्या देशाला लागली की दुसरं घ्या.

पुस्तक चांगलं आहे की नाही, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

माझी एकच कसोटी आहे आणि ती मला खान्देशानेच दिली. तुम्हाला ठाऊक असलेल्या जागेचं पान आधी वाचा.

जगप्रवासाची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे ज्यूल व्हर्नची ८० दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा, १८७३ सालचं पुस्तक. तिच्यातली गाडी मुंबईहून निघून आपल्या खान्देशातून जाते, बऱ्हाणपूरला थांबते, असीरगडाकडे वळते. लहानपणी हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. मोठेपणी नीट वाचलं. व्हर्न खान्देशातले ओढेनाले गोदावरीला मिळतात असं लिहितो, आणि इंजिनाचा धूर कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर सोडतो. कापूस बरोबर. बाकी आपल्याकडे कुणी लवंगेचं झाड पाहिलं असेल तर सांगा. आणि पाणी तापीला जातं, हे पाचवीतलं पोर सांगेल. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. त्याने हाताशी असलेल्या कागदांवरून लिहिलं आणि गोष्ट तरीही उत्तम लिहिली. पण त्या पानांवरून मला खान्देशात सेशन चालवायचं असतं तर पहिल्याच शेतात गाडं अडलं असतं.

सेटिंगच्या पुस्तकालाही हीच परीक्षा लावा. जगभरच्या जागा देणाऱ्या पुस्तकात भारताचं प्रकरण असतंच. दुकानाच्या साइटवर नमुना पानं दिसतात, ती उघडा. मुंबई इलाखा आणि संस्थानं यांतला फरक लेखकाला माहीत आहे का? १९२५ साली अजिंठा निजामाच्या राज्यात होता आणि जळगाव ब्रिटिश मुलखात, हे त्याने कुठे ओळखलंय का? सगळे भारतीय एकच भाषा बोलतात असं तर लिहिलेलं नाही ना? माझ्याकडच्या एका पुस्तकात अजिंठा मुंबईपासून घोडागाडीने अर्ध्या दिवसावर दाखवला होता. मुंबईहून भुसावळच रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटर आहे. ज्याने आपल्या दाराशी एवढी चूक केली, त्याच्या नैरोबीवर आणि लिमावर मी विश्वास ठेवला नाही, आणि नंतर ताडून पाहिलं तेव्हा तिथेही तसंच निघालं.

पुस्तकात भारत नसेल तर तुमच्या धंद्याचं पान बघा. आमची नर्स कुठल्याही शहराच्या पुस्तकात आधी दवाखान्याचं पान उघडते. कुठला दवाखाना कुणाला घेतो आणि कुणाला दारातून परत पाठवतो, एवढं त्यात असेल तर लेखकाने अभ्यास केलाय, असं ती म्हणते. तिचा अंदाज अजून चुकलेला नाही.

दुसरी परीक्षा घड्याळाची. पुस्तक समोर ठेवा आणि खेळाडू हमखास विचारतील असा साधा प्रश्न घ्या. रात्री अकराला पोटाला काय मिळेल? मुडदा सापडला तर कोणते पोलिस येतील? तार कुठून करायची? एका मिनिटात उत्तर सापडलं पाहिजे. त्यासाठी शेवटी शब्दसूची हवी, नकाशाला मोजपट्टी हवी, आणि प्रत्येक माणसाबद्दल त्याला काय हवंय ते एका ओळीत लिहिलेलं हवं. राजघराण्यांच्या इतिहासाची वीस पानं वाचायला गोड लागतात, पण टेबलावर पाच जण तोंडाकडे बघत असताना त्यांचा उपयोग होत नाही.

शहराचं पुस्तक घ्यावं की अख्ख्या देशाचं?

शहराचं. देशाच्या पुस्तकात सगळं थोडंथोडं असतं आणि खेळ एका गल्लीत घडतो.

शांघायचंच बघा. १९२५ साली तिथे एका शहरात तीन कारभार होते: परदेशी नगरपरिषदेची इंटरनॅशनल सेटलमेंट, फ्रेंचांचा वेगळा भाग, आणि चिनी अंमलाखालचा भाग. रस्ता ओलांडला की पोलिस बदलले, कायदा बदलला. सेटलमेंटच्या पोलिसांत शीख शिपाई होते. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रोडवर याच पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि शहर पेटलं. चीनवरच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात येईल. शहराच्या पुस्तकात सीमेवरचा रस्ता कोणता, दंगलीच्या दिवशी कुठली दुकानं बंद, फ्रेंच भागात अफूचा धंदा कुणाच्या हातात, हे सगळं सापडतं. आमच्या शीख शिपायाच्या कॅरेक्टरने, तो आमच्या एका शिक्षकाचा होता, त्या दिवशी बंदूक खाली ठेवली. पुढचे चार शनिवार त्या एका कृतीवर चालले. तारीख आणि रस्ता पुस्तकात नसता तर मला तो प्रसंग सुचला नसता.

याहूनही चांगली पुस्तकं एखाद्या पेशाच्या डोळ्यांनी शहर दाखवतात. पेलग्रेन प्रेसचं ‘बुकहाउंड्स ऑफ लंडन’ असं आहे. त्यात लंडन दिसतं ते जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या, लिलावांच्या आणि धुळीने भरलेल्या दुकानांच्या नजरेने. तुमची मंडळी पुस्तकविक्रेते नसली तरी चालेल. अशा पुस्तकातून शहराला धंदा कसा द्यायचा ते शिकायला मिळतं.

साल किती महत्त्वाचं?

फार. इथे माझ्याकडून झालेली चूक सांगतो.

आमच्या फिटरचं कॅरेक्टरही फिटरच होतं, भुसावळच्या शेडमधून मोंबासाला गेलेला. बोटीतून उतरल्या उतरल्या त्याने खिशात हात घातला आणि अहिराणीत विचारलं, “काय भो, आठे आपला रुपया चालस का?” मी पुस्तक चाळलं. पूर्व आफ्रिकेत रुपया चालतो असं छापलेलं होतं. मी हो म्हणालो. त्याने हमाल केला, खोली घेतली, नैरोबीचं तिकीट काढलं, सगळं रुपयांत. आठवड्यानंतर कळलं की ते पान महायुद्धाआधीच्या काळाचं होतं. तिथला रुपया १९२० मध्ये गेला आणि १९२१ पासून शिलिंग आला. आमचं साल १९२५. देशाचं नावही बदललं होतं. १९२० पासून ती केनिया कॉलनी होती. फिटरला पैशाची चूक खुपली नाही. पण सरकारने रुपया का काढला, तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना आणि हिंदी व्यापाऱ्यांना त्याने काय झालं, हे मला माहीत असतं तर मोंबासाचा तो धक्का नुसता उतरायचा धक्का राहिला नसता. रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर तिथे गेले होते. आपल्या माणसाचा आपलाच पैसा तिथे चालेनासा होतो, यापेक्षा चांगली सुरुवात कुठली?

तेव्हापासून मी पुस्तक घेताना मुखपृष्ठावरचं दशक बघून थांबत नाही. ‘१९२०चं दशक’ एवढ्याने भागत नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत इजिप्त कागदोपत्री स्वतंत्र झाला आणि नोव्हेंबरात तुतनखामेनची कबर सापडली. त्याआधीचा कैरो आणि त्यानंतरचा कैरो वेगळा चालवावा लागतो. इस्तंबूल हे नाव जगाच्या टपालात १९३० मध्ये रूढ झालं, त्याआधी खेळाडूंच्या पत्रावर कॉन्स्टँटिनोपल लिहा. चांगल्या पुस्तकात घटनांची सालवारी असते. ती झेरॉक्स काढून, गेम मास्टर आपले कागद झाकायला टेबलावर उभा करतो त्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

आम्ही दुसरीच सिस्टीम, म्हणजे वेगळ्या नियमांचा गेम, खेळतो. त्या सिस्टीमचं नसलेलं पुस्तक चालेल का?

बेलाशक. सेटिंगच्या पुस्तकात नियमांचे आकडे थोडे असतात आणि ते बदलायला सोपे असतात. स्टीव्ह जॅक्सन गेम्सची १९८६ मध्ये सुरू झालेली ‘गर्प्स’ मालिका याच कारणाने लोकप्रिय आहे. चीन, जपान, इजिप्त, रशिया अशा जागांवरची तिची पुस्तकं इतर सिस्टीम खेळणारेही घेतात. आकड्यांच्या जागी पेन्सिलने ‘सोपं’, ‘अवघड’, ‘जवळपास अशक्य’ एवढं लिहून ठेवलं की काम झालं.

अडचण येते ती सुराची. भयकथेसाठी लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक गल्लीत काहीतरी दबा धरून बसलेलं असतं. तुमचं कॅम्पेन हाणामारीचं, विमानातून उड्या मारायचं असेल तर त्या गल्ल्या जड वाटतात. उलटंही होतं. त्यामुळे नमुना पानांतून एक प्रसंग मोठ्याने वाचून बघा.

मोठं तयार कॅम्पेनच घेतलं तर वेगळी पुस्तकं लागतात का?

सुरुवातीला लागत नाहीत. ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या प्रकाशकाचं, केऑसियमचं, १९८४ चं ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ घ्या. त्यात न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय अशी प्रकरणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणापुरती माहिती त्यातच दिलेली आहे. ऑस्ट्रेलियाचं प्रकरण आधी त्यात मावलं नव्हतं, ते १९८७ मध्ये ‘टेरर ऑस्ट्रेलिस’ या ऑस्ट्रेलियाच्या सेटिंग पुस्तकात आलं आणि पुढच्या आवृत्त्यांत परत जोडलं गेलं. २०१८ च्या आवृत्तीत पेरूची सुरुवात जोडली आहे. १९९१ चं ‘हॉरर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ लंडनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत रेल्वेने नेतं. भुसावळच्या माणसाला ते जवळचं वाटलं तर नवल नाही. गोष्ट मी फोडत नाही, तुम्हाला खेळायची असेल.

अशा कॅम्पेनमध्ये लिहिलेली जागा गोष्टीच्या मार्गावरचीच असते. खेळाडू मार्ग सोडतात तेव्हा वेगळं पुस्तक हवंसं वाटतं. आमच्या केळीवाल्या मित्राने कैरोत तीन शनिवार फक्त धान्यबाजारात घालवले, कारण त्याला भाव काढायचे होते. मी त्याला अडवलं नाही. त्यासाठी मला कैरोवरचं वेगळं पुस्तक घ्यावं लागलं आणि ते घेतल्याचं समाधान आहे. तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणी आहे का, हे तुम्हालाच माहीत. असेल तर त्याच्या आवडीच्या शहराचं पुस्तक आधी.

बजेट नाही. फुकटात काय मिळतं?

इतकं मिळतं की मी आता थांब्याच्या जागांसाठी पैसे देतच नाही.

बेडेकर या जर्मन प्रकाशकाची जुनी प्रवासमार्गदर्शक पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली आहेत. हॉटेलांची नावं आणि दर, टांग्याचं भाडं, संग्रहालयाच्या वेळा, दिवाणजीला किती बक्षिसी द्यावी, घडीचे नकाशे, सगळं त्यात आहे. गेमसाठी लिहिलेल्या पुस्तकापेक्षा ते कधीकधी जास्त कामाला येतं, कारण ते खरोखर प्रवास करणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं होतं. एक मात्र लक्षात ठेवा: ते गोऱ्या, पैसेवाल्या प्रवाशासाठी होतं. स्थानिक माणूस त्यात हमाल किंवा वाटाड्या म्हणूनच येतो.

हिंदुस्थानसाठी गॅझेटियर, म्हणजे प्रदेशवार माहितीचे सरकारी ग्रंथ, आहेत. इंपीरियल गॅझेटियर २०व्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याआधीचे मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड. खान्देशचा खंड १२वा, १८८० चा. पीक, बाजार, जाती, नद्यांचे उतार, किल्ले, गावोगावचे आठवडी बाजार, सगळं नोंदलेलं. महाराष्ट्र शासनाने जुने गॅझेटियर ऑनलाइन ठेवले आहेत. तेही राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलेत, भिल्लांबद्दलची पानं वाचताना ते जाणवतं आणि राग येतो. तरीही बाजाराचा वार कळतो.

गेमच्या पीडीएफ ड्राइव्हथ्रूआरपीजी या साइटवर वर्षातून काही वेळा सवलतीत येतात, आणि बंडल ऑफ होल्डिंग या साइटवर कधीकधी अख्खी मालिका एका पुस्तकाच्या किमतीत मिळते. घाई नसेल तर वाट बघा.

छापील घ्यावं की पीडीएफ?

तयारीसाठी पीडीएफ, कारण त्यात शब्द शोधता येतो. मुक्कामाच्या शहराचं छापील, कारण लाइट गेली की पीडीएफ जाते आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते. परदेशातून मागवताना कुरिअरचा खर्च पुस्तकाइतकाच येऊ शकतो, तेव्हा दोनतीन ग्रुपनी मिळून एकदम मागवा. जळगावच्या मंडळींबरोबर आम्ही तसंच करतो.

पुस्तकं इंग्रजीत आहेत. ग्रुपमधल्या सगळ्यांना झेपत नाहीत.

झेपायची गरज फक्त गेम मास्टरला आहे. मी शहराचं पुस्तक वाचताना मराठीत चार पानांचं टिपण करतो: दहा जागा, दहा माणसं, पाच अफवा. तेवढंच टेबलावर नेतो. अफवा मात्र ज्या भाषेत सांगणार त्याच भाषेत लिहितो. शांघायच्या गोदीतला हमाल पुस्तकी मराठी बोलला की मजा जाते. तो अहिराणी बोलला की सगळे पुढे सरकतात. हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद, मराठीत करा. तार तर मराठीत फारच छान होते, कारण प्रत्येक शब्दाला पैसे पडतात हे खेळाडूंना सांगितलं की तेही मोजून बोलायला लागतात. मी कागद चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवतो. मे महिन्यात दहा मिनिटांत वाळतो, पण वाऱ्याने उडतो, म्हणून चार कोपऱ्यांवर चिंचोके ठेवायचे.

प्रवासाला किती दिवस लागतात, हे पुस्तकात नसेल तर?

चांगल्या पुस्तकात असतं आणि नसेल तर तो मोठा उणेपणा समजा. जगभर फिरण्याच्या खेळात अंतर हाच शत्रू असतो. मुंबईहून टपालबोटीने सुएझमार्गे मार्सेल सुमारे दोन आठवडे. मुंबई ते मोंबासा आठ-दहा दिवस. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क चांगल्या बोटीने पाच ते सात दिवस. लंडन ते कराची विमानसेवा इंपीरियल एअरवेजने १९२९ मध्ये सुरू केली आणि तिलाही साधारण आठवडा लागायचा, म्हणून १९२५ च्या कॅम्पेनमध्ये विमानाचा विचार सोडा. तार मात्र बोटीच्या पुढे धावते. खेळाडू बोटीवर दोन आठवडे अडकलेत आणि त्यांच्या शत्रूने एका दिवसात पुढच्या बंदरावर तार केली, यावर मी तीन वेळा सेशन उभं केलं आणि तिन्ही वेळा टेबलावर शांतता पसरली.

जुन्या पुस्तकांत आफ्रिका, चीन, भारत यांचं चित्रण खटकतं. काय करायचं?

खटकलंच पाहिजे. विसाव्या शतकातल्या भयकथा आणि साहसकथांवर ‘कॉल ऑफ क्थुलू’ उभा आहे आणि त्या कथांमध्ये काळा, पिवळा, तपकिरी माणूस म्हणजे एकतर नोकर नाहीतर पंथातला खुनी. जुन्या सेटिंग पुस्तकांत ते झिरपलेलं आहे. नव्या आवृत्त्यांनी बरीच दुरुस्ती केली आहे, आणि काही पुस्तकं तर नजरच बदलून लिहिली आहेत. ‘हार्लेम अनबाउंड’ न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीला १९२०च्या दशकात मध्यभागी आणतं आणि वंशभेद टेबलावर कसा हाताळायचा हेही स्पष्ट सांगतं. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळत असतील तर नवी घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आपल्याला एक सोय आहे, तिचा वापर करा. परदेशातला ग्रुप कैरोत जातो तेव्हा साहेब म्हणून जातो. आपली कॅरेक्टरं भुसावळची, अमळनेरची असतील तर त्यांना त्या हॉटेलच्या पुढच्या दारातून आत सोडणार नाहीत. ती मागच्या दाराने जातील आणि तिथे आचारी, धोबी, दुभाषे, खलाशी भेटतील. निम्मं पुस्तक आपोआप उलटं होतं. ज्या पुस्तकात मागच्या दारातली माणसं नावानिशी असतील ते घ्या. नसतील तर ती तुम्हाला लिहावी लागतील, आणि हा वेळ आधी धरून चला.

कॅम्पेन खान्देशातूनच सुरू करायचंय. त्यावर पुस्तक आहे का?

तयार पुस्तक माझ्या हाती आलेलं नाही, पण साहित्य हाताशी आहे आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

१९२५ साली खान्देशाचे दोन जिल्हे होते. १९०६ मध्ये ते वेगळे झाले: पूर्व खान्देश जळगावहून, पश्चिम खान्देश धुळ्याहून चालायचा. बऱ्हाणपूर, जी फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, ती मध्य प्रांतात. अजिंठ्याकडे निघालं की निजामाची हद्द, वेगळे पोलिस, वेगळा हाली सिक्का. एका दिवसाच्या प्रवासात तीन सरकारं. शांघायसाठी जे पुस्तक विकत घ्यावं लागतं ते आपल्या परसात आहे.

अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, कापडगिरणी आहे, आणि १९२४ पासून तिथल्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे होते. ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच वारले. जुन्या कागदाचा अर्थ लावायला तुमचे खेळाडू कुणाकडे जातील, हे वेगळं सांगायला नको. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची नोंद. गणिताचा मठ, आज त्याची जागा डोंगराच्या पोटात, रानात. रहस्याला आणखी काय हवं? आणि जगाशी धागा हवा असेल तर निजाम सरकारने १९२० च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या दुरुस्तीसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले होते. ते परत गेले. त्यांच्या सामानात काय गेलं, हे तुम्ही ठरवा आणि पुढच्या महिन्यात व्हेनिसचं पान उघडा.

खऱ्या माणसांना गोष्टीत आणताना मात्र त्यांच्या तोंडी भलतं घालू नका. दारावर भेटू द्या, एक कागद देऊ द्या, आणि पुढे जाऊ द्या.

हे सगळं गोळा करायला गॅझेटियरचा १२वा खंड, जुना रेल्वे नकाशा आणि घरातली म्हातारी माणसं पुरतात. माझ्या आजीने कानबाईच्या उत्सवाची सांगितलेली गोष्ट मी जशीच्या तशी पहिल्या सेशनला वापरली: गल्लीत रोट भाजल्याचा वास, आणि मध्यरात्री दाराशी आलेला अनोळखी पाहुणा.

खेळाडूंनी सेटिंगचं पुस्तक वाचलं तर चालेल का?

शहराची ओळख आणि नकाशा जरूर वाचू द्या. पुस्तकात ‘फक्त गेम मास्टरसाठी’ असा भाग बहुधा वेगळा असतो. छापील प्रत असेल तर त्या पानांना रबरबँड लावा. आमची नर्स तरीही दवाखान्याचं पान वाचते, आणि ते मी तिला वाचू देतो.